लेप बंद करायचा की आणखी एक वर्ष चालवायचा? सर्नमधला सन २००० चा पेच, एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण का निवडलं

कणांच्या टकरींवर काम करणाऱ्या लोकांच्या गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात त्या बहुतेक शोध लागल्यानंतरच्या. ४ जुलै २०१२, सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेचं सभागृह, हिग्ज कण सापडल्याची घोषणा, टाळ्या, ज्यांच्या नावाचा तो कण ते पीटर हिग्ज डोळे पुसतायत वगैरे. हे प्रकरण त्याच्या बारा वर्षं आधीचं आहे, लेप या सर्नच्या जुन्या यंत्रात तोच कण दिसल्यासारखा वाटला तेव्हाचं, आणि यात शोध लागलेलाच नाही. पण अर्धवट पुराव्यावर मोठा निर्णय कसा घेतला जातो हे बघायचं असेल तर मला २०१२ पेक्षा २००० जास्त कामाचं वाटतं. आकडे समोर होते, माणसं हुशार होती, वेळ संपत आला होता, आणि पंचाईत अशी की कुठल्याही एका बाजूचं म्हणणं ऐकलं की तेच बरोबर वाटायचं. प्रयोगांमधल्या शास्त्रज्ञांची नावं इथे घेतलेली नाहीत, शेवटचा निर्णय ज्यांनी घेतला त्या महासंचालकांचं तेवढं घेतलंय कारण ते तेव्हाच जाहीर झालेलं आहे.

पार्श्वभूमी

जिनिव्हाजवळ फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेखाली सरासरी १०० मीटर खोलीवर २७ किलोमीटर घेराचा एक बोगदा आहे. आज त्यात एलएचसी आहे, म्हणजे प्रोटॉनच्या टकरी घडवणारं मोठं यंत्र, पण १९८९ ते २००० त्यात लेप नावाचा त्वरक, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, होता. एका दिशेने इलेक्ट्रॉन, उलट दिशेने त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन, आणि चार ठिकाणी त्यांची टक्कर. त्या चार ठिकाणी चार प्रयोग होते, अ‍ॅलेफ, डेल्फी, एल-३ आणि ओपल. यातल्या एल-३ मध्ये आपल्या मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) गट होता, म्हणजे कुलाब्याला बसून लेपचा डेटा चाळणारी माणसं होती आणि पुढे जे सांगणार आहे त्यात एल-३ चाही हात आहे.

सुरुवातीची काही वर्षं लेप ९१ जीईव्हीच्या (कणांची ऊर्जा आणि वजन दोन्ही मोजायचं एकक) आसपास चालला, कारण झेड या जड कणाचं वस्तुमान तेवढं आहे. चारही प्रयोगांनी मिळून दीड कोटीच्या वर झेड गोळा केले, आणि हलके न्यूट्रिनो (जवळजवळ कशालाच न अडणारे कण) तीनच प्रकारचे असतात, चौथा नाही, हे त्यातूनच पक्कं झालं. हे काम इतकं मोठं आहे की उरलेलं काहीच झालं नसतं तरी लेपचे पैसे वसूल होते असं माझं मत.

१९९५ नंतर ऊर्जा वाढवायला सुरुवात झाली. इथे एक अडचण मुळातच आहे. इलेक्ट्रॉन वजनाने फार हलका, त्याला वर्तुळात फिरवलं की तो प्रकाश फेकत ऊर्जा घालवतो, आणि हे नुकसान ऊर्जेच्या चौथ्या घाताने वाढतं. ऊर्जा दुप्पट केली की नुकसान सोळापट. शेवटच्या वर्षी लेपमधला प्रत्येक इलेक्ट्रॉन एका फेरीत ३ जीईव्हीपेक्षा जास्त ऊर्जा गमावत होता, आणि फेरी तर सेकंदाला अकरा हजारांच्या वर व्हायच्या. ही तूट भरून काढायला २८८ सुपरकंडक्टिंग आरएफ कॅव्हिटी, म्हणजे विद्युत लहरींनी कणांना धक्का देणाऱ्या पोकळ्या, लावलेल्या होत्या. त्यांच्यातून जेवढी ताकद मिळेल तेवढीच बीमची, म्हणजे कणांच्या झोताची, ऊर्जा. या कॅव्हिटींचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे. (विषय निघालाच आहे तर, १९९६ ला बीम काही केल्या पुढे जाईना म्हणून नळी उघडली तर आत बिअरच्या दोन बाटल्या सापडल्या होत्या. कोणी ठेवल्या हे बाजूला ठेवू.)

आता हिग्ज, म्हणजे मूलभूत कणांना वस्तुमान कसं मिळतं याच्याशी जोडलेला, तेव्हा न सापडलेला कण. लेपमध्ये हिग्ज बनायचा मुख्य रस्ता म्हणजे टकरीतून एक झेड आणि एक हिग्ज एकत्र बाहेर पडणं. मग हिशेब सरळ आहे, टकरीची एकूण ऊर्जा वजा झेडचे ९१, जे उरेल तेवढ्या वजनाचा हिग्ज जेमतेम दिसू शकतो. टक्कर २०६ ची असेल तर ११५. त्याच्या वरचा हिग्ज असला तरी लेपला तो जवळजवळ आंधळा. आणि त्या वेळचे अप्रत्यक्ष अंदाज, म्हणजे झेड आणि त्याचा जोडीदार कण डब्ल्यू यांच्या बारीक मोजमापांवरून काढलेले, हिग्ज हलका असावा असंच सुचवत होते. सुपरसिमेट्री हा सिद्धांत मानणाऱ्यांना तर तो १३० च्या खाली हवाच होता. म्हणजे ११५ ला काही दिसलं तर दचकायचं कारण नव्हतं, उलट "आलाच की" अशी भावना.

आणि घड्याळ. एलएचसीला मंजुरी १९९४ च्या डिसेंबरात मिळालेली, आणि एलएचसी बसणार होता याच बोगद्यात. लेप काढल्याशिवाय एलएचसी आत जात नाही. लेपचा शेवट सप्टेंबर २००० अखेर असं ठरलेलं होतं.

जून ते सप्टेंबर

शेवटच्या वर्षी लेप चालवणाऱ्या लोकांनी यंत्र पार पिळून घेतलं. एरवी कॅव्हिटींना वीज देणारा एखादा क्लायस्ट्रॉन बंद पडला तरी बीम टिकावा म्हणून थोडी ताकद राखून ठेवतात. २००० मध्ये काय करायचे, तर बीम भरला की आधी थोडी राखीव ठेवून चालवायचं, मग तास-दीड तासाने ऊर्जा थोडी वर, मग अजून वर, शेवटी राखीव शून्य. या टप्प्यावर एक जरी क्लायस्ट्रॉन फुरफुरला की बीम गेला, परत भरा. असं करत करत टकरीची ऊर्जा २०९ पर्यंत नेली. हा जुगार मुद्दाम खेळलेला होता कारण शेवटचं वर्ष होतं, यंत्र जपून ठेवायचं कोणासाठी?

१४ जूनला अ‍ॅलेफमध्ये एक इव्हेंट (म्हणजे नोंदवलेली एक टक्कर) आला. टक्कर २०६.७ जीईव्हीची, चार जेट (क्वार्कमधून निघणारे कणांचे फवारे), त्यातली एक जोडी बी-क्वार्क या जड क्वार्कची असावी अशी दाट शंका, आणि त्या जोडीचं वजन ११४ च्या आसपास. हिग्ज बहुतेक वेळा दोन बी-क्वार्कमध्येच फुटतो, झेड दोन क्वार्कमध्ये, म्हणजे चित्र पुस्तकात काढावं तसं. नंतर उन्हाळ्यात असेच आणखी आले, अ‍ॅलेफचे ठळक म्हणता येतील असे एकूण तीन.

तीन इव्हेंट म्हणजे किती कमी हे कळायला बॅकग्राऊंड, म्हणजे हिग्ज नसतानाही तसेच दिसणारे इव्हेंट, समजून घ्यायला हवं. चार जेट फक्त हिग्जमधून येत नाहीत. दोन झेड एकदम बनले तरी चार जेट येतात आणि त्यातला एक झेड बी-क्वार्कमध्ये फुटू शकतो. दोन डब्ल्यू बनले तरी चार जेट. साधी क्वार्कची जोडी बनून तिने दोन ग्लुऑन (क्वार्कना बांधणारे कण) फेकले तरी चार जेट. वर चार जेटच्या जोड्या लावायच्या तीन पद्धती असतात, चुकीची जोडी लागली की वजन भलतंच निघतं. बी-क्वार्क ओळखायची खूण म्हणजे तो असलेला कण फुटायच्या आधी काही मिलिमीटर पुढे सरकतो आणि सिलिकॉन डिटेक्टरला ती टकरीपासून किंचित बाजूला असलेली फुटल्याची जागा दिसते, पण ही ओळखही शंभर टक्के नाही. म्हणून कुठलाच इव्हेंट "हा हिग्ज" असं कपाळावर लिहून येत नाही, प्रत्येकाला एक वजन द्यायचं, किती हिग्जसारखा आणि किती बॅकग्राऊंडसारखा, आणि सगळ्यांची बेरीज करून बघायचं.

यात आणखी एक गुंता होता, आणि माझ्या मते बाहेरच्यांना हा कळत नाही. सिग्नल दिसत होता तो बरोब्बर यंत्राच्या कडेवर. २०६-२०७ वजा ९१. वजन काढताना एकूण ऊर्जा आणि झेडचं वजन ही बंधनं घालूनच गणित करतात, त्यामुळे साधे बॅकग्राऊंडचे इव्हेंटही कडेजवळ येऊन साचू शकतात. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सिम्युलेशनमध्ये धरलेलंही होतं. पण मनात पाल चुकचुकतेच ना, की निसर्गाने हिग्ज नेमका तिथेच ठेवलाय का जिथे आपली नजर संपते?

आणि जुनं एक प्रकरणही होतं. १९९५ च्या शेवटी ऊर्जा १३० च्या वर नेली तेव्हा याच अ‍ॅलेफला चार जेटचेच इव्हेंट अपेक्षेपेक्षा जास्त दिसले होते, दोन जोड्यांच्या वजनांची बेरीज १०५ च्या आसपास. बाकी तिघांना काही दिसलं नाही आणि पुढच्या डेटात ते विरलं. म्हणजे २००० मध्ये "अ‍ॅलेफ, चार जेट, अपेक्षेपेक्षा जास्त" हे शब्द ऐकल्यावर बऱ्याच लोकांनी ताकही फुंकून प्यायचं ठरवलं असणार. यात अ‍ॅलेफवाल्यांवर अन्याय होता का? थोडा होता. या वेळी निकष डेटा यायच्या आधी सिम्युलेशनवर ठरवलेले होते, मागाहून जुळवलेले नव्हते.

पहिला निर्णय: एक महिना

५ सप्टेंबरला लेपच्या समितीसमोर चारही प्रयोगांनी आपापलं मांडलं. अ‍ॅलेफकडे ठळक जास्तीचं, बाकीच्यांकडे फारसं काही नाही, चौघांची बेरीज तीन सिग्माच्या खालीच (सिग्मा म्हणजे निकाल निव्वळ योगायोगापासून किती दूर आहे याचं माप, शोध म्हणायला पाच लागतात). प्रयोगांनी वेळ वाढवून मागितला आणि सर्नने लेपला २ नोव्हेंबरपर्यंत मुदतवाढ दिली.

वरवर बघता हा निर्णय सगळ्यांना रुचणारा होता. एलएचसीला फार उशीर नाही, लेपवाल्यांना संधी मिळाली, वर्तमानपत्रांना बातमी. माझा आक्षेप याच निर्णयावर आहे, नोव्हेंबरच्या निर्णयावर तेवढा नाही. कारण एका महिन्यात किती टकरी होतील हे आधीच माहीत होतं, त्यातून ११५ चा खराखुरा हिग्ज असता तरी पाच सिग्मा गाठणं हिशेबात बसतच नव्हतं. मग महिन्याभराने काय होऊ शकत होतं? एक, सगळं विरून जाणं. दोन, थोडं वाढणं, म्हणजे तीनच्या आसपास कुठेतरी लटकणं. हिग्ज खरा असला तर दुसरंच होणार होतं, आणि खोटा असला तरी दुसरं व्हायची बरीच शक्यता होती. पण "तीनच्या आसपास लटकलो तर काय करायचं" हे सप्टेंबरातच ठरवून जाहीर केलं असतं तर नोव्हेंबरचा अर्धा त्रास वाचला असता. तसं झालं नाही, प्रश्न फक्त एका महिन्याने पुढे गेला.

ऑक्टोबर

ऑक्टोबरमध्ये एल-३ ने एक इव्हेंट दाखवला ज्यात दोन बी-जेट होते आणि बाकी ऊर्जा गायब. हाही हिग्जचा एक अपेक्षित चेहरा आहे, झेड दोन न्यूट्रिनोंमध्ये फुटला की न्यूट्रिनो डिटेक्टरमधून निसटतात आणि हातात फक्त हिग्जचे दोन जेट राहतात. याने वातावरण एकदम बदललं, कारण आता गोष्ट फक्त अ‍ॅलेफची राहिली नाही, आणि फक्त चार जेटचीही राहिली नाही. डेल्फी आणि ओपलकडे मात्र अजूनही बोट दाखवावं असं काही नव्हतं.

२ नोव्हेंबरला बीम थांबला. दुसऱ्या दिवशी, ३ नोव्हेंबरला, समितीसमोर चौघांची एकत्र बेरीज आली, २.९ सिग्मा.

म्हणजे काय, तर फक्त बॅकग्राऊंड असताना निव्वळ योगायोगाने इतकं जास्तीचं दिसायची शक्यता हजारात साधारण चार. इथे बरेच जण घसरतात आणि म्हणतात की मग हिग्ज असण्याची शक्यता ९९.६ टक्के. नाही. असं असतं तर या क्षेत्रात गेल्या पन्नास वर्षांत आणखी डझनभर नवे कण सापडले असते. तीन सिग्माच्या आसपास आलेल्या आणि गेलेल्या गोष्टींची यादी एवढी लांब आहे की म्हणूनच "शोध" म्हणायला पाच सिग्मा लागतात, साधारण पस्तीस लाखांत एक.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, ठरल्याप्रमाणे बंद. बोगदा मोकळा करायचा, एलएचसीच्या कंत्राटदारांना आत येऊ द्यायचं. एलएचसी तेव्हाच्या वेळापत्रकाप्रमाणे २००५ ला सुरू होणार होता आणि हिग्ज ११५ ला असो, १५० ला असो की ५०० ला, तो एलएचसीला सापडणारच होता. म्हणजे लेप बंद केल्याने शोध बुडत नव्हता, पुढे ढकलला जात होता. यातला धोका असा की मध्ये अमेरिकेत शिकागोजवळच्या फर्मीलॅब प्रयोगशाळेचा टेव्हाट्रॉन त्वरक २००१ च्या वसंतात नव्या दमाने सुरू होणार होता. सर्नने हातातोंडाशी आलेला घास सोडला आणि तो शिकागोजवळ कोणीतरी खाल्ला असं झालं असतं तर?

दुसरा पर्याय, २००१ मध्ये लेप परत चालवायचा. प्रयोगांची मागणी होती प्रत्येकाला सुमारे २०० व्यस्त पिकोबार्न (टकरींचा डेटा मोजायचं एकक) जादा डेटा, आणि अंदाज असा की हिग्ज खरंच ११५ ला असेल तर एकत्र बेरीज पाच सिग्मा ओलांडेल. हिशेब प्रामाणिक होता. पण एलएचसी जवळजवळ वर्षभर मागे गेला असता, ठरलेली कंत्राटं मोडायची म्हणजे नुकसानभरपाई आली, लेप चालवायचा म्हणजे विजेचं बिल आणि माणसं आली, आणि ही माणसं एलएचसीच्या कामावर हवी होती. अतिशय महत्त्वाचं म्हणजे यंत्र आधीच कडेवर चालत होतं, वर्षभर ते तसंच चालेल याची खात्री कोण देणार.

कागदावर तिसराही पर्याय होता, हिवाळ्यात थांबायचं, चारही प्रयोगांनी आपलं कॅलिब्रेशन (मोजणाऱ्या उपकरणांची अचूक जुळवणी) आणि बीमची ऊर्जा नीट तपासून आकडा परत काढायचा, आणि मग वसंतात ठरवायचं. सर्नचे त्वरक तसेही हिवाळ्यात बंदच असतात. पण बोगद्यात काम सुरू करायला लोक वाट बघत होते आणि तीन-चार महिने "बघू" म्हणणं हाही एक महागडा निर्णयच झाला असता. तरी मला वाटतं की याला जेवढं वजन मिळायला हवं होतं तेवढं मिळालं नाही, का ते खाली येईल.

३ ते ८ नोव्हेंबर

समित्यांमध्ये एकमत झालं नाही. हे नुसतं नोकरशाहीचं वाक्य वाटेल म्हणून थोडं थांबून सांगतो. खोलीत बसलेले सगळेच या विषयातले दादा लोक होते, एकच आलेख सगळ्यांनी बघितलेला, गणितावर वाद नव्हता. वाद होता तो यावर की २.९ ला किती किंमत द्यायची. ज्यांनी उन्हाळाभर रात्रपाळ्या करून ते इव्हेंट येताना बघितले त्यांना ते खरे वाटत होते, आणि ज्यांच्या डोक्यावर एलएचसीचं वेळापत्रक होतं त्यांना ते अजून एक चढ-उतार वाटत होते. दोन्ही गट एकमेकांना "तुमचा स्वार्थ बोलतोय" असं म्हणू शकत होते आणि दोघांचंही थोडं खरं होतं.

शेवटी निर्णय महासंचालक लुचानो मायानी यांच्यावर आला. हे इटालियन सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, १९७० मध्ये ग्लॅशो आणि इलिओपुलोस यांच्याबरोबर चार्म क्वार्क का असायला हवा हे दाखवणारे. म्हणजे पुरावा नसताना एखाद्या कणावर विश्वास ठेवणं म्हणजे काय हे या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती. ८ नोव्हेंबरला त्यांनी जाहीर केलं की लेप कायमचा बंद झालाय.

प्रचंड नाराजी झाली. पत्रं गेली, निर्णय फिरवायची मागणी झाली, सदस्य देशांच्या प्रतिनिधींपर्यंत विषय गेला, पण फिरवण्याइतकं पाठबळ उभं राहिलं नाही आणि पाठोपाठ लेप उखडायला सुरुवात झाली.

निर्णयामागचा विचार मला असा दिसतो. चुकलो तर काय गमावतो हे दोन्ही बाजूंनी बघायचं. लेप चालवला आणि काही नाही मिळालं, तर एलएचसी मागे, पैसे गेले, सदस्य देश नाराज. लेप बंद केला आणि हिग्ज खरंच तिथे असला, तर सर्नचा मान कदाचित जातो पण कण कुठे पळून जात नाही. संस्थेच्या प्रमुखाने असा विचार करणं रास्तच आहे. अ‍ॅलेफमधल्या एखाद्या तरुण संशोधकाने मात्र हा विचार का मान्य करावा, ज्याच्या दृष्टीने हा आयुष्यात एकदाच येणारा डेटा होता? संस्थेचं नुकसान आणि माणसाचं नुकसान ही दोन वेगळी खाती आहेत, आणि बैठकीत बहुतेक वेळा पहिलंच मांडलं जातं.

पुढे काय झालं

पुढच्या दोन-अडीच वर्षांत चारही प्रयोगांनी आपला डेटा शांतपणे परत तपासला. कॅलिब्रेशन सुधारलं, बॅकग्राऊंडची सिम्युलेशन वाढवली, बीमच्या ऊर्जेचे अंतिम आकडे घातले. २००१ मध्ये एकत्र बेरीज २.१ सिग्मावर उतरली. २००३ च्या अंतिम निकालात ती १.७ झाली, म्हणजे योगायोगाची शक्यता हजारात चारवरून शंभरात नऊ. अ‍ॅलेफचं स्वतःचं जास्तीचं बऱ्यापैकी टिकून राहिलं, पण बाकीच्यांनी त्याला साथ दिली नाही. लेपचा शेवटचा शब्द असा की हिग्ज ११४.४ जीईव्हीपेक्षा जड आहे, ९५ टक्के खात्रीने.

नवा डेटा एकही न येता २.९ चे १.७ झाले हे या प्रकरणातलं मला सगळ्यात बोलकं वाटतं. तिसऱ्या पर्यायाबद्दल मी वर जे म्हटलं ते यासाठीच. घाईच्या आकड्यात फक्त योगायोगाची अनिश्चितता नसते, अर्धवट कॅलिब्रेशनचीही असते, आणि ती सिग्मामध्ये पूर्ण दिसत नाही.

एलएचसीचं काय? २००५ चं २००८ झालं. मध्ये २००१ मध्ये खर्च अंदाजापेक्षा शेकडो दशलक्ष स्विस फ्रँकनी वर गेल्याचं उघड झालं आणि सर्नमध्ये मोठं आर्थिक संकट आलं. तेव्हा लेपही चालू असता तर काय झालं असतं कल्पना करा. १० सप्टेंबर २००८ ला पहिला बीम फिरला, १९ सप्टेंबरला चुंबकांमधला एक जोड जळून हेलियमची गळती झाली, आणि सगळं वर्षभर थांबलं. म्हणजे "एलएचसीला उशीर नको" म्हणून जो लेप बंद केला, त्याच्या बदल्यात आलेला एलएचसी स्वतःच्याच कारणांनी तीन-चार वर्षं उशिरा आला. टेव्हाट्रॉनने २०११ पर्यंत जंग जंग पछाडलं, शेवटी त्यांना तीन सिग्माच्या आसपासचा पुरावा मिळाला, शोध नाही.

आणि हिग्ज निघाला १२५ ला.

१२५ अधिक ९१ म्हणजे २१६. लेप २००१ मध्ये वर्षभर नाही, पाच वर्षं चालवला असता तरी २०९ च्या पुढे जात नव्हता. म्हणजे मायानींचा निर्णय बरोबर निघाला. पण तो बरोबर निघाला ते हिग्ज १२५ ला होता म्हणून, आणि हे ८ नोव्हेंबर २००० ला जगात कोणालाच माहीत नव्हतं. हिग्ज ११५ ला असता तर हाच निर्णय, याच कागदांवर, याच माणसांनी घेतलेला, आज आपण सर्नची सगळ्यात मोठी चूक म्हणून शिकवत असतो. बऱ्याच ठिकाणी हे प्रकरण "बघा, संशयी लोक बरोबर होते" असं सांगितलं जातं, ते मला पटत नाही. संशयी लोकांनी हिग्ज १२५ ला आहे असं म्हटलं नव्हतं, ते म्हणाले होते की पुरावा अपुरा आहे, आणि पुरावा अपुरा आहे हे तर अ‍ॅलेफवालेही मान्य करत होते, म्हणून तर ते डेटा मागत होते!

वेगळं काय करता आलं असतं

सप्टेंबरचं वर सांगितलंच. मुदतवाढ देताना तीन ओळी लिहायला हव्या होत्या, नोव्हेंबरात बेरीज अमुकच्या खाली गेली तर बंद, अमुकच्या वर आणि किमान दोन प्रयोगांत वेगवेगळ्या प्रकारच्या इव्हेंटमध्ये दिसली तर २००१, आणि मधल्या पट्ट्यात असलो तर अमुक. मधल्या पट्ट्याची ओळ लिहिणं सगळ्यात अवघड असतं आणि गरजही तिचीच असते. ती आधी लिहिलेली असली की नंतर कोणी कोणाच्या हेतूवर बोट ठेवू शकत नाही.

दुसरं, इव्हेंट एकेक करून सगळ्यांसमोर येत होते. निकष आधी ठरलेले असले तरी जूनपासून प्रत्येक नव्या इव्हेंटची चर्चा कॅन्टीनमध्ये व्हायची आणि बेरीज दर महिन्याला बाहेर सांगितली जायची. आज वर, उद्या खाली, शेअर बाजारासारखं. २०१२ मध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएस या एलएचसीवरच्या दोन्ही प्रयोगांनी नव्या डेटातला महत्त्वाचा भाग जूनपर्यंत स्वतःलाच झाकून ठेवला होता, विश्लेषण पूर्ण ठरलं मग पडदा उघडला. सीएमएसमध्येही टीआयएफआरचा गट आहे. ही शिस्त फक्त लेपच्या या प्रकरणातून आली असं म्हणता येणार नाही, पण अशा पोळलेल्या प्रकरणांचा त्यात वाटा आहेच. लेपमध्ये असं झाकणं शक्य होतं का? पूर्णपणे नाही, कारण तिथे यंत्र किती ऊर्जेला चालवायचं हेच इव्हेंट बघून ठरत होतं, त्यामुळे तुलना करताना जरा दमानं घ्यायला हवं.

तिसरा आणि माझ्या मते खरा निर्णयबिंदू २००० मध्ये नव्हताच. तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर होता, कॅव्हिटी किती घ्यायच्या हे ठरवताना. बोगद्यात आणखी कॅव्हिटींना जागा होती आणि त्या बसवल्या असत्या तर लेप २२० पर्यंत गेला असता असं त्यावर काम केलेले लोक नंतर सांगत आले आहेत. २२० वजा ९१ करून बघा, १२९ येतात. म्हणजे १२५ चा हिग्ज लेपच्या आवाक्यात आला असता, कदाचित एलएचसीच्या कितीतरी आधी. पण तेव्हा पैसे एलएचसीसाठी वाचवायचे होते, हिग्ज कुठे आहे हे माहीत नव्हतं, आणि थोड्या जादा ऊर्जेसाठी एवढा खर्च कशाला असा प्रश्न रास्त होता. त्या बैठकीवर कोणी लेख लिहीत नाही कारण तिथे नाट्य नव्हतं, खरेदीचा प्रश्न होता. नोव्हेंबर २००० ला जी माणसं रात्रभर भांडली त्यांच्या हातातले पत्ते तिथेच वाटून झाले होते.

सर्नमध्ये सध्या चर्चा आहे ती सुमारे ९१ किलोमीटर घेराच्या नव्या वर्तुळाकार यंत्राची, परत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच, आणि त्यात हिग्जसाठी ठरवलेली ऊर्जा आहे २४० जीईव्ही. झेड आणि हिग्ज एकत्र बनवायचा तोच जुना रस्ता, २१६ च्या वर चांगली ऐसपैस जागा ठेवून.